साळूबाईची सेकंडहँड डर्ट बाईक

एका जंगलात एक रस्ता होता. तो कागदावर होता. कागदावर तो डांबरी होता, दोन्ही बाजूंना झाडं होती आणि मधोमध पांढरा पट्टासुद्धा होता. जमिनीवर त्या जागी आधी दगड होते, मग घळ होती, मग नाला होता आणि नाल्यानंतर चिखल होता.

मुलांनो, तुम्ही विचाराल, मग प्राणी जायचे कसे? पडत पडत जायचे. पण पडलेल्याला कुणी रस्त्याबद्दल विचारलं तर तो उठून, अंग झटकून म्हणायचा, आमच्याकडे रस्ता झाला बरं का. कारण उद्घाटनाचे पेढे त्यानंही खाल्लेले असायचे.

उद्घाटन तीन वेळा झालं होतं. तिन्ही वेळा गवा सरपंचांनी फीत कापली. फीत कापून ते ज्या बाजूनं आले त्याच बाजूनं परत गेले, कारण पलीकडे जायला रस्ता नव्हता.

त्या जंगलात साळू नावाची एक साळिंदरीण राहायची. तिला टोची नावाची एकुलती एक लेक होती. टोचीला धाप लागायची. धूळ उडाली की लागायची, थंडी पडली की लागायची आणि काहीच झालं नाही तरी लागायची. धाप लागली की तिच्या छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज यायचा. साळूच्या कानात तो आवाज इतका बसला होता की झाडावर पोपट ओरडला तरी ती हातातलं काम टाकून बिळात धावायची. टोची मजेत मुळा खात बसलेली असायची.

दवाखाना नाल्यापलीकडे, मोहाच्या टेकडीवर होता. तिथले अस्वल डॉक्टर हुशार होते. सकाळी दवाखाना उघडायचे आणि दुपारी मोहाची फुलं खायला कुलूप लावायचे. फुलं खाल्ली की मग दुसऱ्या दिवसापर्यंत डॉक्टरांनाच कुणीतरी धरून आणावं लागायचं. म्हणजे काय, पोचायचं तर सकाळीच पोचायचं.

आता साळिंदराच्या लेकराची एक अडचण असते. त्याला कडेवर घेता येत नाही. पाठुंगळीला तर मुळीच नाही. गेल्या थंडीत टोचीचा श्वास अडकला, तेव्हा साळूनं तिला टोपलीत बसवलं आणि टोपली दातात धरून ओढत नेली. दगडांतून नेली, घळीतून नेली, नाल्यातून नेली. पोचली तेव्हा डॉक्टर कुलूप लावत होते. त्यांनी कुलूप काढलं, टोचीला वाफ दिली, औषध दिलं. मग साळूकडे न बघता म्हणाले, "बाई, अजून थोडा उशीर झाला असता तर मला काही करता आलं नसतं."

डॉक्टर लोक बोलून जातात. आई ते घरी घेऊन येते.

त्या दिवसापासून साळूच्या मनात एकच होतं. पुढच्या वेळेला टोची वेळेत पोचली पाहिजे. बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो.

आणि तिनं ठरवलं की आपण डर्ट बाईक घ्यायची.

डर्ट बाईक माहीत आहे ना? उंच असते, टायरांना हे एवढाले खिळ्यांसारखे दात असतात आणि ती रस्ता नसलेल्या ठिकाणी चालते. म्हणजे खरं तर त्या जंगलासाठीच बनवलेली होती. पण ती वापरायची फक्त रानडुकरांची तरणी पोरं. तीही चिखल उडवायला आणि पुढचं चाक वर करून हरणींना दाखवायला. बाकी सगळ्यांनी स्कूटी घेतल्या होत्या. त्या स्कूटी नाल्याच्या अलीकडे रांगेनं उभ्या असायच्या आणि त्यांच्यावर कोंबड्या बसायच्या.

साळूनं नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याचं नाव काटेराव. साळिंदरांनी दिवसा झोपायचं असतं, त्यामुळे तो झोपला होता. त्यानं एक डोळा उघडला आणि म्हणाला की बायकांनी स्कूटी घ्यावी. साळू म्हणाली, "अहो, स्कूटी नाल्यात बुडते." त्यावर काटेरावानं बराच विचार केला आणि विचारलं, रंग कोणता घेणार.

गावभर बातमी झाली. जो तो हेच विचारायचा, रंग कोणता. एका मुंगसाच्या सासूनं मात्र वेगळं विचारलं. तिनं विचारलं की पाय टाकून बसणार की एका बाजूनं बसणार.

नवी गाडी तर साळूला परवडणारी नव्हती. तिच्याकडे एक डबा होता. अंगावरचे गळलेले काटे गोळा करून ती शाळेत विकायची, पोरं त्यांचे टाक करायची. त्या डब्यात जे होतं त्यात जुनीच गाडी बसत होती, आणि तीही कुणी दया केली तर.

आता त्या जंगलात एक रीत होती. जुनी गाडी घ्यायला कुणी एकटं जायचं नाही, बरोबर जाणकार न्यायचा. जाणकार म्हणजे ज्याची स्वतःची गाडी कायम दुरुस्तीला पडलेली असते तो. शेजारचे हुप्पे वानर हे मोठे जाणकार होते. साळू त्यांना भावजी म्हणायची. हुप्पे भावजींनी आजवर अकरा जणांना गाड्या घेऊन दिल्या होत्या. त्या अकरा जणांपैकी कुणीही त्यांच्याशी बोलत नव्हतं, पण ते काही त्यांनी साळूला सांगितलं नाही.

दोघं सकाळीच तरस शेठच्या दुकानावर गेले. पाटी होती, 'तरस ऑटो कन्सल्टंट'. तरस शेठचं तोंडच असं होतं की तो सारखा हसतोय असं वाटायचं. त्यामुळे लोकांना वाटायचं, माणूस मोकळा आहे. म्हणजे तरस मोकळा आहे.

दुकानात शिरल्या शिरल्या एका फळीवर नारळ मांडून ठेवले होते. शेजारी हळदकुंकवाचं ताट. आणि वर दुसरी पाटी, मोठ्या अक्षरात: 'गाडीपुढे नारळ फुटला की व्यवहार पक्का. मग गाडी परत नाही, पैसे परत नाहीत, तोंड दाखवायचं नाही.'

पाटी तरसानंच लिहून घेतली होती. गिऱ्हाईक आलं की तो आधी मुहूर्त सांगायचा. मुहूर्त नेहमी संपतच आलेला असायचा. मग गिऱ्हाईक घाईघाईनं चाकाखाली लिंबू ठेवायचं, हँडलला हार घालायचं, नारळ फोडायचं आणि त्यानंतर गाडी सुरू करून बघायचं. ज्यांची सुरू व्हायची नाही ते देवाला दोष द्यायचे, तरसाला नाही. या रीतीवर त्यानं दोन मजली गुहा बांधली होती.

तरसानं साळूला बसायला स्टूल दिलं, चहा सांगितला आणि डब्याकडे बघून म्हणाला, "ताई, किमतीचं मनावर घेऊ नका. आमच्याकडे सगळ्या गाड्या सारख्याच. डब्यात असेल तेवढ्यात हवी ती न्या."

हुप्पे भावजींनी साळूला कोपरानं ढोसलं. म्हणजे बघ, माझी ओळख.

मग तरसानं एक गाडी पुढे आणली. पिवळी धमक. पुसून अशी लखलखीत केली होती की साळूला तिच्यात स्वतःचे काटे मोजता आले असते. दोन्ही अंगांना ज्वाळांचे स्टिकर. तरस म्हणाला की ही एका कासवाची गाडी आहे. एकच मालक, आणि त्यानं कधी पळवलीच नाही.

हुप्पे भावजी गाडीभोवती एक फेरी मारून आले. टाकीला कान लावला, डोळे मिटले आणि बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "इंजिन बोलतंय, वहिनी."

वहिनीनं विचारलं, काय बोलतंय. भावजी म्हणाले की ते बायकांना सांगून कळायचं नाही.

मुलांनो, साळू काही फार शिकलेली नव्हती. तिला सीसी माहीत नव्हते. पण तिला आजारी लेकरू माहीत होतं. आई काय करते? आधी अंगाला हात लावून बघते. साळूनं इंजिनला हात लावला. इंजिन गरम होतं.

आता सकाळची वेळ. गारठा होता. दुकान नुकतंच उघडलेलं. सगळ्या गाड्यांवर दव पडलं होतं आणि ही एकटीच गरम.

साळू म्हणाली, "शेठ, हिला ताप आहे."

तरस हसला. तो हसतच होता, जरा जास्त हसला. हुप्पे भावजींना मान खाली घालावीशी वाटली. त्यांनी समजावलं की शेठनं सकाळी चक्कर मारून आणली असेल, चांगलं लक्षण आहे. साळू ऐकून घेत होती. पण टोचीला शाळेत जायचं नसलं की ती कपाळ चुलीजवळ शेकून यायची, आणि शाळेत जायचं असलं की अंगातली कणकण लपवायला तोंडावर गार पाणी मारून यायची. त्यामुळे कुणी आधीच तयार होऊन पुढे आलं की साळूला संशय यायचा.

मग तिचं लक्ष स्टिकरकडे गेलं. गाडी जुनी आणि पट्टी कोरी. लेकराच्या गुडघ्यावर कोरी पट्टी दिसली तर आई खाली काय झालंय ते बघणारच. साळूनं स्टिकरचं टोक नखानं उचललं. खाली गाडीचा सांगाडा मोडून पुन्हा जोडल्याची जाड रेघ होती.

तरस म्हणाला की कंपनीतूनच तशी येते. हुप्पे भावजी म्हणाले, हो, मजबुतीसाठी.

साळू म्हणाली, "बरं. मी ही गार होईपर्यंत बसते."

आणि ती बसली. मुलांनो, आईला दवाखान्याच्या बाकावर बसायची सवय असते. तिथे डॉक्टर येतात, जातात, आधी ओळखीच्यांना घेतात, औषध संपलंय म्हणून सांगतात, आई बसून राहते. तिला दुकानातून उठवणं तरसाच्या आवाक्यातलं काम नव्हतं. त्यानं पहिला चहा दिला, दुसरा दिला. मुहूर्त चालल्याचं सांगितलं. आणखी एक गिऱ्हाईक येऊन गाडी बघून गेलं आहे म्हणाला. साळू म्हणाली की मग त्यांना द्या, चांगली गाडी आहे. तरसाला आजवर असं कुणी म्हणालंच नव्हतं.

हळूहळू दुकानाभोवती बघे जमले. जुनी गाडी घेणारा कुणी शांत बसलेला त्यांनी पाहिला नव्हता.

इंजिन गार झालं. साळूनं हात लावून खात्री केली आणि म्हणाली, "भावजी, मारा किक."

हुप्पे भावजींनी किक मारली. गाडी खोकली. दुसरी मारली, तिसरी मारली. दहाव्या किकेला गाडीतून पांढरा धूर आला. वीस झाल्यावर हुप्पे भावजींमधून धूर यायचा बाकी होता. ते खाली बसले आणि म्हणाले की गाडी चांगली आहे, फक्त थंडी वाजली तिला.

साळूला पुढचं सगळं दिसलं. ही गाडी तिनं घेतली असती. टोचीची छाती वाजायला लागली असती, तिनं लेकीला टाकीवर बसवून किक मारली असती आणि मारतच राहिली असती. तिकडे डॉक्टरांनी कुलूप लावलं असतं. आणि घाबरलेल्या आईला जे सुचतं ते शहाण्यांना सुचत नाही.

ती म्हणाली, "शेठ, तुम्ही राहता नाल्यापलीकडे ना? मग सकाळी दुकानात कशावर आलात?"

तरस पहिल्यांदा थोडा कमी हसला.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. दुकानामागे चिंचेखाली एक गाडी उभी होती. रंग कोणता होता ते सांगता येत नव्हतं, चिखलाच्या रंगाची होती. सीटवर पोत्याचं ठिगळ. एक आरसा होता, दुसरा कधी होता असं वाटत नव्हतं. पण साखळीला ताजं तेल होतं, टायरांचे दात शाबूत होते आणि एकाही चाकाचा आरा वाकडा नव्हता. तिच्या अंगावर एकही स्टिकर नव्हता. तरसाचे मागचे पाय आखूड असतात, म्हणून त्यानं सीटचा स्पंज कापून ती बुटकी करून घेतली होती. साळू जवळ गेली, चढून बसली. तिचे पाय जमिनीला टेकले.

इंजिन गार होतं. तिनं किक मारली. दुसऱ्या किकेला गाडी सुरू झाली.

तरस धावत आला. म्हणाला की ताई, ही विकायची नाही, ही माझी घरची आहे, ही आम्ही गिऱ्हाइकाला देत नाही. साळूनं विचारलं, का देत नाही. बघ्यांतलं एक रानडुक्कर म्हणालं, "सांगा ना शेठ, का देत नाही?"

तरस वैतागला. दिवस चालला होता, चार चहा गेले होते, बघे वाढत होते आणि पिवळीचा धूर अजून दुकानातून गेला नव्हता. त्यानं फळीवरचा नारळ उचलून साळूच्या हातात आदळला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "ताई, इथली कुठलीही गाडी घ्या, कुठंही फोडा, पण एकदाचा नारळ फोडा."

साळूनं नारळ घेतला. चिंचेखाली एक दगड होता. तिनं त्या चिखलाच्या गाडीपुढे नारळ फोडला, हँडलला हळद लावली, कुंकू लावलं आणि नमस्कार केला.

मग सगळ्यांनी मिळून ती पाटी मोठ्यानं वाचली.

"ताई, ती माझी आहे," तरस म्हणाला.

"होती, शेठ," साळू म्हणाली आणि डबा त्याच्या हातात ठेवला.

त्या दिवशी तरस शेठ पिवळी गाडी ढकलत घरी गेला. घळीत त्याला हुप्पे भावजी भेटले. त्यांनी ठरलेलं चहापाणी मागितलं. पुढे काय झालं ते मुलांच्या गोष्टीत लिहीत नाहीत. पण दुसऱ्या दिवशी हुप्पे भावजी लंगडत गावभर सांगत होते, वहिनींना ती गाडी मीच काढून दिली.

साळू गाडी शिकली. चार वेळा पडली. एकदा काटेरावावर पडली, तेव्हा तो दिवसा जागा झाला.

आणि मग एका सकाळी टोचीच्या छातीत शिट्टी वाजली. या वेळी पोपट नव्हता. लेकीचे ओठ निळे पडायला लागले होते. साळूनं टाकीवर घोंगडी टाकली, टोचीला पुढे बसवलं, दुसऱ्या किकेला गाडी सुरू केली आणि सुटली. दगडांतून गेली. घळीत उतरली आणि चढली. नाल्यात पाणी सीटला लागलं तरी तिनं हँडल सोडलं नाही. सगळा रस्ताभर ती एकच बोलत होती, "श्वास घे बाळा, श्वास घे," आणि स्वतः मात्र श्वास घ्यायला विसरली होती.

पोचली तेव्हा डॉक्टर नुकतंच कुलूप उघडत होते. त्यांनी टोचीला वाफ दिली. थोड्या वेळानं टोचीनं डोळे उघडले आणि विचारलं, "आई, परत जाताना पण नाल्यातून जायचं ना?"

डॉक्टर म्हणाले, अगदी वेळेत आणलंत. साळू बाकावर बसून रडली.

मुलांनो, गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं.

पण ही बातमी गवा सरपंचांपर्यंत गेली. त्यांना फार आनंद झाला. त्यांनी सभा बोलावली, साळूचा सत्कार ठेवला. तिला शाल पांघरली. शाल काट्यांत अडकली आणि फाटली, पण टाळ्या झाल्या. मग सरपंच बोलायला उभे राहिले. म्हणाले की काही लोक उगाच ओरडतात, रस्ता नाही, रस्ता नाही. एक साधी बाई, हातात एक डबा, ती वेळेत दवाखान्यात पोचते. मग रस्त्यावाचून कुणाचं काय अडलंय?

सभेला ते पटलं. रस्त्याचा कागद तिथल्या तिथे घडी करून ठेवला.

साळू उठली. म्हणाली, "सरपंच, माझी पोचली. बाकीच्यांची लेकरं?"

"बाकीच्यांनीही तुमच्यासारखं व्हावं, ताई," सरपंच म्हणाले. पुन्हा टाळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवसापासून साळूच्या बिळासमोर रांग लागली. सशिणीचं पिल्लू तापलेलं, भेकराच्या पाडसाचा पाय मोडलेला, मुंगसाच्या सासूचे गुडघे धरलेले. ही सासू पाय टाकून बसली, बरं का. साळू कुणाला नाही म्हणेना. म्हणणार कशी? समोर लेकरू घेऊन उभ्या असलेल्या आईचा चेहरा तिला आरशात बघितल्यासारखा वाटायचा. ती सकाळी उठून फेऱ्या मारायची, दगडांतून, घळीतून, नाल्यातून. साखळीला तेल घालायची, हातांना तेल लावायची आणि पुन्हा निघायची.

मग काही प्राण्यांनी तक्रार केली. साळूबाई फार जोरात जातात, धूळ उडते, स्कूटींवरच्या कोंबड्या घाबरतात. सरपंचांनी तक्रारीची तातडीनं दखल घेतली. रस्त्यासाठी ठेवलेलं डांबर काढलं, खडी काढली, कामगार लावले. नाल्यात उतरायच्या आधी, दगड आणि घळीच्या मधोमध, आठ दिवसांत पक्कं काम उभं राहिलं. वर पांढरे पट्टे मारले. सरपंचांनी फीत कापली, पेढे वाटले.

तो गतिरोधक होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळू सशिणीच्या पिल्लाला टाकीवर घेऊन आली, गतिरोधकापुढे थांबली आणि हळूच गाडी वर चढवली. पिल्लानं खाली बघून विचारलं, मावशी, हे काय आहे. साळू म्हणाली, "हा रस्ता आहे बाळा. बघून घे. आत्ता संपेल."

तात्पर्य: मुलांनो, आपली अडचण आपण होऊन कधी सोडवू नये. सोडवली की ती अडचण नव्हतीच असं ठरतं. आणि अगदीच जिवावर बेतलं, सोडवल्यावाचून इलाज उरला नाही, तर सोडवावी. पण सत्काराला जाऊ नये.